कामगार नुकसानभरपाई

नोकरीतून व नोकरीच्या ओघात उद्‌भवलेल्या अपघातामुळे अथवा व्यवसायजन्य रोगामुळे कामगाराला शारीरिक इजा झाल्यास किंवा मृत्यू आल्यास, त्याला वा त्याच्या अवलंबितांना मालकाने कायद्यानुसार द्यावयाची रक्कम म्हणजे कामगार नुकसानभरपाई होय. ही रक्कम मिळविण्यासाठी मालकाचा दोष सिद्ध करावा लागत नाही, हे तिचे व्यवच्छेदक लक्षण आहे. अपकृत्याच्या सर्वसाधारण कायद्याखाली मागावयाची भरपाई याहून वेगळी असते. तेथे प्रतिवादीचा निष्काळजीपणा वादीला शाबीत करावा लागतो. तो शाबीत झाला, तर नुकसानीची संपूर्ण रक्कम मागता येते. कामगार भरपाईत शाबितीचा भार हलका केलेला असतो व त्याच्या मोबदल्यात रकमेवर मर्यादा घातलेली असते. ही तडजोड कोणत्या परिस्थितीत घडून आली आणि तीत कामगाराच्या पदरात काय पडले, हाच या विषयाच्या इतिहासाचा गाभा आहे.

दुसऱ्याला इजा करणाऱ्याने तिची किंमत चुकती करावी, ही कल्पना प्राचीन आहे. भारतीय धर्मशास्त्रात ‘दंडपारुष्य’ या व्यवहारपदाखाली तिचा विचार आढळतो. राजाला द्यावयाच्या दंडाखेरीज, जखमी माणूस पूर्ववत् हिंडूफिरू लागेपर्यंत लागणारा उपचाराचा खर्च अपराध्याने सोसावा, असे मनुस्मृति व याज्ञवल्क्यस्मृति या दोन्ही ग्रंथांत सांगितले आहे. या खर्चास ‘समुत्थानव्यय’ अशी संज्ञा आहे. मात्र हा सर्व विचार मारणारा आणि मार खाणारा अशा दोन व्यक्तींसंबंधीचा आहे. यंत्राच्या फिरत्या पट्ट्यात सापडून हात तुटला आणि त्यात कोणाचाच हेतू नव्हता, अशा प्रसंगाचे उत्तर जुन्या शास्त्रांजवळ नव्हते. ते एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या न्यायालयांजवळही नव्हते.

१८३७ मध्ये इंग्लंडच्या एक्सचेकर न्यायालयापुढे आलेला प्रीस्टली विरुद्ध फाउलर हा खटला या संदर्भात प्रसिद्ध आहे. एका खाटकाचा नोकर मालकाच्या सांगण्यावरून मालगाडीतून मांस पोहोचविण्यासाठी निघाला असता, जादा ओझ्यामुळे गाडी मोडली व त्याची मांडी मोडली. ज्यूरीने त्याला १०० पौंडांची भरपाई दिली होती. लॉर्ड ॲबिंजर यांनी ती नाकारली. नोकराने धोका पाहूनच नोकरी पतकरलेली असते आणि मालकाला अशा दाव्यांत जबाबदार धरले, तर जबाबदारीला अंतच राहणार नाही, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. यातूनच पुढे ‘समाईक नोकरी’चे तत्त्व रूढ झाले. सहकाऱ्याच्या चुकीमुळे कामगाराला इजा झाली, तर मालक त्याबद्दल जबाबदार नाही, असे हे तत्त्व सांगते. अमेरिकेत मॅसॅचूसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १८४२ मध्ये एका आगगाडीचालकाच्या दाव्यात तेच स्वीकारले. त्या चालकाने आपला उजवा हात गमावला होता. या तत्त्वाला ‘धोक्याचा स्वखुशीने स्वीकार’ आणि ‘अंशदायी निष्काळजीपणा’ या आणखी दोन बचावांची जोड मिळाल्यावर, कारखान्यातील कामगाराला न्यायालयाचा दरवाजा जवळजवळ बंदच झाला. कारखान्यात कोणताही अपघात बहुधा एखाद्या सहकाऱ्याच्या चुकीने, स्वतःच्या क्षणिक बेसावधपणाने किंवा सर्वांना माहीत असलेल्या धोक्याने घडतो. म्हणजे हे तीन बचाव मिळून सर्वच अपघातांना पुरे पडत.

ही कोंडी फोडण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न जर्मनीत झाला. बिस्मार्कच्या कारकीर्दीत ६ जुलै १८८४ रोजी अपघात विम्याचा कायदा संमत झाला. कारखानदारांच्या धंदेवार मंडळांनी निधी उभारावा आणि त्यातून जखमी कामगाराला दोषाची चौकशी न करता निवृत्तिवेतन द्यावे, अशी त्याची योजना होती. पूर्ण अपंगता आलेल्या कामगाराला मिळकतीच्या दोनतृतीयांश रक्कम मिळे. समाजवादी पक्षाचा जोर ओसरावा, हा बिस्मार्कचा हेतू लपलेला नव्हता. परंतु हेतू काहीही असला, तरी अपघात हा उद्योगाच्या खर्चाचाच एक भाग आहे, ही कल्पना प्रथम कायद्यात आली ती येथे. इंग्लंडने १८९७ मध्ये जोसेफ चेंबरलिन यांच्या पुढाकाराने निराळा मार्ग धरला. तेथे विम्याची सक्ती न करता प्रत्येक मालकावर व्यक्तिशः दायित्व टाकण्यात आले. मृत्यूबद्दल तीन वर्षांचे वेतन किंवा १५० पौंड यांपैकी जास्त असलेली रक्कम, परंतु ३०० पौंडांपेक्षा अधिक नाही. आणि अपंगतेबद्दल आठवड्याला निम्मे वेतन, परंतु एका पौंडापेक्षा अधिक नाही, असे प्रमाण ठरले. हिंदुस्थानात पुढे जो कायदा झाला, तो या इंग्रजी वळणाचा होता.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापिली. त्यानंतरच्या तीस वर्षांत गिरण्यांची संख्या भराभर वाढली आणि कोकणातून व घाटावरून आलेला शेतकरी प्रथमच वाफेच्या यंत्रापुढे उभा राहिला. १८८१ च्या पहिल्या कारखाना अधिनियमाने धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालणे व अपघाताची वर्दी देणे आवश्यक केले. तथापि जखमी झालेल्याचे पुढे काय, याविषयी तो मूक होता. १८५५ च्या प्राणघातक अपघात अधिनियमाखाली मृताच्या पत्नीला, पतीला, आईबापांना किंवा मुलांना दावा लावता येत असे. पण त्यासाठी दुसऱ्याचे दोषास्पद कृत्य, दुर्लक्ष वा कसूर सिद्ध करावी लागे. गिरणी कामगाराच्या विधवेला ते शक्य कोटीतले नव्हते.

या पार्श्वभूमीवर सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–९७) यांच्या नेतृत्वाखाली भरलेल्या गिरणी कामगारांच्या सभांना मोठे महत्त्व आहे. लोखंडे हे जोतीराव फुले यांचे सहकारी व सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते असून दीनबंधु पत्राचे संपादक होते. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे एक निवेदन या वेळी तयार करण्यात आले. रविवारची पूर्ण सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच कामाची वेळ आणि पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार, या त्यातील मागण्या बऱ्याच परिचित आहेत. पाचवी मागणी तुलनेने दुर्लक्षित राहिली. कामावर गंभीर इजा होऊन काही काळ काम करता येईनासे झाले, तर बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचे अपंगत्व आले, तर निर्वाहाची योग्य तरतूद व्हावी, असे तीत म्हटले होते. जर्मनीचा कायदा संमत होऊन त्या वेळी जेमतेम अडीच महिने झाले होते. मुंबईच्या निवेदनात दोषाची, सहकाऱ्याच्या चुकीची किंवा स्वखुशीने पतकरलेल्या धोक्याची भाषाच नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. कामगाराचा प्रश्न सरळ होता : हात गेला, आता खावे काय? इंग्लंडमधील न्यायपंडितांना जे तत्त्व गाठावयास साठ वर्षे लागली, ते सह्या व अंगठे करणाऱ्या या माणसांनी पहिल्याच पावलात गृहीत धरले होते.

रविवारच्या सुटीची मागणी १८९० मध्ये मान्य झाली. इजेच्या भरपाईला मात्र जवळजवळ चाळीस वर्षे वाट पाहावी लागली. पहिल्या महायुद्धानंतरची औद्योगिक अशांतता, १९१९ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय मजूर संघटना व १९२० मधील अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना यांमुळे सरकारला या प्रश्नाकडे लक्ष देणे भाग पडले. १९२१ मध्ये प्रांतिक सरकारांची मते मागविण्यात आली, १९२२ मध्ये एका समितीने मसुद्याचा विचार केला आणि मार्च १९२३ मध्ये ‘कामगार नुकसानभरपाई अधिनियम’ (१९२३ चा आठवा) संमत होऊन १ जुलै १९२४ पासून तो अंमलात आला. समाईक नोकरीसारखे बचाव काढून टाकणारे प्रकरण मूळ विधेयकात होते. ते प्रवर समितीत गळाले आणि त्यासाठी १९३८ चा मालक दायित्व अधिनियम व्हावा लागला. त्या काळी मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांची बाजू प्रामुख्याने मुंबईचे ना. म. जोशी हे मांडीत असत.

या कायद्याची यंत्रणा पाहण्यासारखी आहे. वकील, ज्यूरी व दिवाणी न्यायालय यांऐवजी निर्णयाचे काम खास आयुक्ताकडे सोपविण्यात आले. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल ठरविण्यात आला. भरपाईच्या रकमेवर जप्ती आणता येत नाही व ती दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही, ही तरतूद सावकाराच्या पाशात अडकलेल्या गिरणगावात फार मोलाची होती. मृत्यूच्या प्रकरणी मालकाने परस्पर वारसांच्या हातावर पैसे ठेवून पावती घेतली, तर ती भरपाई मानली जात नसे. रक्कम आयुक्ताकडेच भरावी लागे व तो तिची अवलंबितांत वाटणी करी. कामगार दारूच्या अंमलाखाली असला, सुरक्षेचा स्पष्ट नियम त्याने बुद्ध्या मोडला किंवा यंत्राचे संरक्षक आवरण जाणूनबुजून काढले, तर मालक मुक्त होई. परंतु मृत्यू ओढवला असेल, तर हे बचाव चालत नसत. एक उणीव मात्र प्रारंभापासून होती. मुंबईत मेलेल्या कामगाराची बायकामुले बहुधा रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात असत. कायदा आहे याचा त्यांना पत्ताच नसे व दावा करण्याची मूळ मुदत तर सहा महिन्यांचीच होती. व्हिटली आयोगाच्या (१९२९–३१) शिफारशींनंतर १९३३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, प्राणघातक अपघाताविषयी मालकाकडून निवेदन मागविण्याचा अधिकार आयुक्ताला मिळाला. दाव्याची मुदतही कालांतराने दोन वर्षांपर्यंत वाढविण्यात आली.

आता रकमांकडे वळू. मूळ अधिनियमानुसार प्रौढ कामगाराच्या मृत्यूबद्दल ३० महिन्यांचे वेतन (कमाल २,५०० रु.) आणि कायमच्या पूर्ण अपंगतेबद्दल ४२ महिन्यांचे वेतन (कमाल ३,५०० रु.) ठरले होते. महिना ३० रु. मिळविणाऱ्या कामगाराचे उदाहरण घेतले, तर त्याच्या मृत्यूची भरपाई ९०० रु. व पूर्ण अपंगतेची १,२६० रु. होई. जिवंत परंतु निकामी माणूस मालकाला मेलेल्यापेक्षा महाग पडे. त्यामागील तर्क असा, की अपंग माणसाचा स्वतःचा खर्चही उरतोच. अंशतः अपंगतेसाठी पहिल्या अनुसूचीत अवयवांचे कोष्टक दिले होते. कोपरापासून वा त्याच्या वर उजवा हात गेल्यास अर्जनक्षमतेची हानी ७० टक्के, डावा गेल्यास ६० टक्के. एका डोळ्याची ३०, अंगठ्याची २५ व तर्जनीची १० टक्के. म्हणजे वरील कामगाराच्या उजव्या हाताचे ८८२ रु., अंगठ्याचे ३१५ रु. आणि तर्जनीचे १२६ रु. होत. तात्पुरत्या अपंगतेत दर पंधरवड्याला मासिक वेतनाचा चौथा हिस्सा, म्हणजे साडेसात रुपये मिळत. तेही पहिले दहा दिवस वगळून व जास्तीत जास्त पाच वर्षे. १८८४ च्या निवेदनात बरे होईपर्यंत पूर्ण पगार मागितला होता. कायद्याने निम्मा दिला. जन्माच्या निर्वाहाची तरतूद मागितली होती. तिच्याऐवजी साडेतीन वर्षांचा पगार एकरकमी मिळाला.

अवयवांचे हे कोष्टक वाचताना मन विषण्ण होते, परंतु त्याचा उपयोगही ध्यानात घेतला पाहिजे. त्यामुळे प्रत्येक दाव्यात डॉक्टरांच्या साक्षींचा घोळ टळला आणि अशिक्षित कामगारालाही आपला किमान हक्क ठाऊक झाला. १९६२ च्या दुरुस्तीने ते विस्तारण्यात आले. खांद्याच्या सांध्यातून हात गेल्यास ९० टक्के, अंगठ्याबद्दल ३० टक्के, तर्जनीबद्दल १४ टक्के असे नवे आकडे आले व उजव्याडाव्याचा भेद गेला. कोष्टकाची मर्यादा अशी, की ते हात मोजते, हाताने केले जाणारे काम मोजीत नाही. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. कोष्टकाच्या टक्केवारीवर न थांबता, एका हाताने सुतारकाम होऊ शकत नाही, म्हणून ही पूर्ण अपंगताच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये दिला. भरपाई देण्याचे दायित्व अपघाताच्या दिवशीच उत्पन्न होते, आयुक्ताच्या निर्णयाच्या दिवशी नव्हे, असेही त्यात स्पष्ट करण्यात आले. त्यामुळे लांबविलेल्या रकमेवर व्याज व दंड आकारण्यास बळकट आधार मिळाला.

सर्वाधिक वाद झाले ते ‘नोकरीतून व नोकरीच्या ओघात’ या इंग्रजी कायद्यातून आलेल्या शब्दप्रयोगावर. काम कोठे सुरू होते व कोठे संपते? सौराष्ट्रातील एका मिठागराचे कामगार खाडी ओलांडताना होडी बुडून मरण पावले. होडी सार्वजनिक होती, म्हणून १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिठागराच्या मालकाला जबाबदार धरले नाही. १९६३ चा मुंबईतील खटला याउलट गेला. बेस्टचा एक बसचालक पाळी संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसमधून घरी जात असता, ती बस अंधेरीजवळ उभ्या असलेल्या मालमोटारीवर आदळून तो मरण पावला. चालकांना बसमधून फुकट प्रवासाची मुभा सेवेच्या सोयीसाठीच दिलेली होती आणि एवढ्या विस्तीर्ण शहरात त्यावाचून ते वेळेवर कामावर येऊ शकले नसते, असे मानून न्यायालयाने बहुमताने विधवेच्या बाजूने कौल दिला. आखलेल्या आवाराच्या पलीकडेही नोकरीची व्याप्ती काही अंतर जाते, हे तत्त्व यामुळे दृढ झाले.

व्यवसायजन्य रोगांची यादी मूळ कायद्यात अगदी तोकडी होती. सांसर्गिक काळपुळी आणि शिसे व फॉस्फरस यांची विषबाधा एवढेच रोग तीत होते. ज्या गिरणी कामगारांनी ही मागणी प्रथम केली, त्यांच्या फुप्फुसांत साठणाऱ्या कापसाच्या धुळीचा रोग तीत नव्हता. तो पुढे समाविष्ट झाला. परंतु बोट तुटले हे दिसते, दम लागणे सिद्ध करावे लागते. त्यामुळे रोगांबाबतचा हक्क बराचसा कागदावरच राहिला, असे म्हणावे लागते.

कर्मचारी राज्य विमा अधिनियम (१९४८) हा या इतिहासातील दुसरा टप्पा होय. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे ही योजना सुरू झाली. तिच्या कक्षेतील कामगारांच्या इजेची जबाबदारी एकेकट्या मालकाकडून काढून वर्गणीतून उभारलेल्या निधीवर टाकण्यात आली; त्यांना १९२३ च्या कायद्याखाली वेगळा दावा करता येत नाही. एकरकमी पैशाऐवजी कायम अपंगतेत नियतकालिक रक्कम मिळू लागली. १८८४ च्या पाचव्या मागणीशी खरे साम्य आहे ते या योजनेचे. जे कामगार योजनेबाहेर राहिले, म्हणजे लहान कारखान्यांतील, बांधकामावरील व कंत्राटदाराच्या हाताखालील, त्यांना मात्र जुनाच कायदा लागू राहिला. या कायद्याने मालकावर विम्याची सक्ती केलेली नव्हती. म्हणून निवाडा हाती असूनही मालक नादार वा बेपत्ता, असे प्रसंग येत. कंत्राटदाराच्या कामगाराबद्दल मूळ मालकालाही जबाबदार धरण्याची तरतूद होती, परंतु आपला मालक कोण, हेच पुष्कळदा कामगाराला दाखवून देता येत नसे.

रकमांच्या मर्यादा महागाईमागून रखडत वाढल्या. १९७६ मध्ये मृत्यूची कमाल भरपाई ३०,००० रु. व पूर्ण अपंगतेची ४२,००० रु. झाली. १९८४ ची दुरुस्ती अधिक मूलगामी होती. तीनुसार वेतनाचा ठराविक हिस्सा वयानुरूप गुणकाने गुणून रक्कम काढण्याची पद्धत आली. हा गुणक सोळा वर्षांपर्यंत २२८·५४ असून तो वयाबरोबर उतरत ६५ व्या वर्षी ९९·३७ होतो. तरुण माणसाच्या पुढील आयुष्याचा हिशेब अशा रीतीने प्रथमच धरण्यात आला. मृत्यूसाठी वेतनाच्या ४० व पूर्ण अपंगतेसाठी ५० टक्के हे प्रमाण १९९५ मध्ये अनुक्रमे ५० व ६० टक्के झाले. तथापि हिशेबात धरावयाच्या वेतनावर मर्यादा कायम राहिली. ती २०१० मध्ये ८,००० रु. व जानेवारी २०२० मध्ये १५,००० रु. करण्यात आली. या शेवटच्या मर्यादेनुसार तीस वर्षांच्या कामगाराच्या मृत्यूची भरपाई ७,५०० × २०७·९८, म्हणजे १५,५९,८५० रु. होते. २००९ च्या दुरुस्तीने अधिनियमाच्या नावातील ‘कामगार’ जाऊन ‘कर्मचारी’ आला व प्रत्यक्ष वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मालकावर बंधनकारक झाली. स्मृतिकारांचा समुत्थानव्यय आधुनिक भरपाईत येण्यास ८६ वर्षे लागली.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याचे प्रकरण निकालात काढले. २००३ मध्ये पहाटेच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून जात असता, कारखाना सुमारे पाच किमी. अंतरावर राहिला असताना तो अपघातात मरण पावला होता. घर व कामाचे ठिकाण यांमधील प्रवासात झालेला अपघात, वेळ, स्थळ व परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध जुळत असल्यास, नोकरीतूनच उद्‌भवलेला मानावा, असा निर्णय देऊन न्यायालयाने त्याच्या कुटुंबाची भरपाई पुनःस्थापित केली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिच्यात प्रवासातील अपघाताविषयी अशी तरतूद स्पष्ट शब्दांत आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात येऊन तिने १९२३ च्या अधिनियमाची जागा घेतली. अवयवांचे कोष्टक, वयाचे गुणक व ‘नोकरीतून व नोकरीच्या ओघात’ हे शब्द तीत चालू राहिले आहेत. मोबाइलवरील मागणीनुसार घरोघर खाद्यपदार्थ व माल पोहोचविणाऱ्यांची संहितेत वेगळी व्याख्या केली आहे. त्यांचे काम पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेरचे मानल्यामुळे भरपाईचे प्रकरण त्यांना लागू होत नाही. त्यांच्यासाठी अपघात विम्याच्या योजना शासनाने आखावयाच्या असून, त्यांकरिता संबंधित कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदान द्यावे, असे संहितेत म्हटले आहे.